दोन साडू, एक छप्पर

हेड ऑफिसात चहा मिळाला की काहीतरी वाईट ऐकायचं असतं, हे मालवाहतुकीच्या त्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही आली, तेव्हा नदीअलीकडच्या डेपोच्या मॅनेजरने कप खालीच ठेवला. त्याने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे नदीपलीकडच्या डेपोचा मॅनेजर बसला होता. त्याचं बिस्कीट चहात बुडून विरघळून गेलं होतं आणि तो नुसताच चिमूट धरून बसला होता.

हा पलीकडचा मॅनेजर म्हणजे त्याचा साडू. दोन सख्ख्या बहिणी दोघांच्या घरी नांदत होत्या. एकाच कंपनीत, एकाच हुद्द्यावर, एकाच शहरात साडू असणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. सासुरवाडीला जेवायला बसलं की कुणाच्या ताटात आधी वाढलं, हे दोघेही न बघितल्यासारखं करून नीट बघत. तसे ते कधी भांडले नव्हते. भांडायला आधी मनातलं बोलावं लागतं.

धाकटे मालक नुकतेच कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतले होते आणि त्यांच्या डोळ्यांत एक वेगळंच तेज होतं. असं तेज मालकांच्या डोळ्यांत आलं की नोकरांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते.

"सतत सुधारणा!" धाकटे मालक म्हणाले. "रोज. छोटी. न थांबता. मला नुसती सुधारणा नकोय, सुधारणेची संस्कृती हवी आहे."

दोघांनी माना डोलावल्या. मालकांनी आवाज खाली आणला.

"थोरल्यांचं म्हणणं आहे, खर्च फार वाढलाय. एक छप्पर कमी करायचंय. महिनाअखेरीस मी दोन्ही डेपो बघणार. जिथे संस्कृती रुजलेली दिसेल, तो डेपो राहील."

"आणि दुसऱ्या डेपोतली माणसं?" मॅनेजरने विचारलं.

"बघू काय करता येतं ते."

या 'बघू'चा अर्थ कळायला शब्दकोश लागत नाही. मॅनेजरने पन्नाशी ओलांडली होती. या वयात दुसरीकडे अर्ज करायचा म्हणजे आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरासमोर बसून 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. त्याच्यापाशी खरं उत्तर एकच होतं: निवृत्त. शिवाय डेपोतली माणसं होती. कुणाला म्हातारे आईवडील, कुणाच्या घरी कॉलेजात जाणारी मुलगी. या सगळ्यांचा रोजगार आता एका शब्दावर लटकला होता, आणि तो शब्द नेमका काय आहे हे मॅनेजरला कळलं नव्हतं.

जिना उतरताना साडू सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मग काय साडूभाऊ, काय करायचं ठरवलंत?"

"छे हो, आपलं काय. चाललंय ते चाललंय."

"आमचंही तेच."

दोघेही खोटं बोलत होते असं नाही. दोघांनाही खरोखरच काही सुचलेलं नव्हतं. पण समोरच्याला सुचलंय आणि तो लपवतोय, याबद्दल मात्र दोघांची खात्री पटली.

घरी बायकोने त्याचा चेहरा बघितला आणि काही विचारलं नाही. ती आधीच बहिणीशी बोलली होती.

"ताईचा फोन आला होता. भाऊजी आल्यापासून भिंतीकडे बघत बसलेत म्हणे."

"बसू दे."

"तुम्ही छताकडे बघताय," बायको म्हणाली.

आता इथे एक गोष्ट घडली. ती मॅनेजरला महिनाभर कळली नाही, पण आपल्याला कळलेली बरी. बायकोने स्वयंपाकघरातून बहिणीला परत फोन लावला. नवऱ्याला काहीच सुचत नाहीये, हे थोरल्या बहिणीला सांगणं तिच्या जिवावर आलं. लहानपणापासून ताईचं ते नवं आणि हिच्या वाट्याला ताईचं वापरलेलं, असंच चालत आलेलं. म्हणून ती बोलून गेली, "आमच्याकडे काय, ह्यांनी तर जमिनीवर पिवळे पट्टे मारायलाही घेतले. कुठे चालायचं, कुठे माल ठेवायचा, सगळं आखून." हे पट्टे तिने कुठल्याशा मासिकातल्या फोटोत बघितले होते.

दोन दिवसांनी ती तोंडाला हात लावून नवऱ्याला सांगत आली, "अहो, भाऊजींनी जमिनीवर पट्टे मारले! पिवळे!"

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच दिवशी त्याने पट्ट्यांसाठी रंग मागवायचा कागद हेड ऑफिसला धाडला. कागद परत आला. शेरा असा होता की रंगकाम हे इमारतीच्या देखभालीत मोडतं, आणि डेपोची इमारत ठेवायची की नाही हे ठरलेलं नसल्यामुळे तो निर्णय होईपर्यंत देखभालीचा खर्च मंजूर करता येत नाही. मॅनेजरने फोन करून शांतपणे समजावलं की तो निर्णय या पट्ट्यांवरच अवलंबून आहे. पलीकडच्या माणसाने त्याहून शांतपणे सांगितलं की मग निर्णय झाल्यावर अर्ज करा. शेवटी मॅनेजरने 'रंग' हा शब्द खोडून 'जमिनीवरील माहिती' असं लिहिलं, आणि कागद त्याच दिवशी मंजूर झाला. डबे मात्र रंगाचेच आले.

पट्टे मारून झाले. मॅनेजर ते दुरून, जवळून, वाकून बघून घरी आला आणि चार घास जास्त जेवला. बायकोने ते बहिणीला सांगितलं, आणि पट्टे झालेलेच होते म्हणून जोडीला एक सूचनापेटीही ठोकून दिली. आठवडा संपायच्या आत पलीकडे सूचनापेटी लागली, आणि मग ती इकडेही लावावी लागली.

पेटीत भरभरून सूचना आल्या. मॅनेजरला भरून आलं. मग त्याने त्या वाचल्या. प्रत्येकाने दुसऱ्याच्या सुधारणेसाठी सूचना केली होती. पॅकिंगवाल्यांचं म्हणणं, हमालांनी माल आपटू नये. हमालांचं म्हणणं, पॅकिंगवाल्यांनी आपटला तरी फुटणार नाही असं पॅकिंग करावं. गेटवरच्या वॉचमनने, ज्याला मिशांमुळे सगळे सुभेदार म्हणत, लिहिलं होतं की कुणालाच शिस्त नाही. एका निनावी सूचनेत एवढंच होतं की साहेबांनी फोनवर बोलताना दार लावून घ्यावं, सगळं ऐकू येतं. मॅनेजरने ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरली आणि मग खिशात घातली.

त्याला आता सल्ल्याची गरज होती, आणि सल्ला वरच्या मजल्यावरच राहत होता. तिथले निवृत्त बँक अधिकारी जिन्यात माणूस दिसला की सल्ला देत. समोरच्याला अडचण आहे की नाही याची ते वाट बघत नसत.

"रंग!" अधिकारी म्हणाले. "अक्षर वाचावं लागतं, रंग दिसतो. प्रत्येक जागेला रंग द्या, रंगाला नंबर द्या. लाल एक, लाल दोन, निळा एक, निळा दोन. विषय संपला."

मॅनेजरला पटलं. त्याच्या डेपोत जागांना जी नावं होती ती कुठल्याही मालकापुढे उच्चारण्यासारखी नव्हती. एका कोपऱ्याला 'गळक्या पत्र्याखाली' म्हणत. दुसऱ्या जागेचं नाव 'मामा पडले तिथे' असं होतं. मामा पडून, बरे होऊन, निवृत्तही झाले होते, पण माल अजून तिथेच ठेवला जात होता.

डिस्पॅचचं काम बघणाऱ्या बाईंनी विरोध केला. डेपोत मॅनेजरला समोरासमोर विरोध करणारं हे एकच माणूस.

"साहेब, 'मामा पडले तिथे' म्हटलं की आंधळासुद्धा माल नेऊन ठेवेल. निळा दोन म्हणजे कुठे?"

"बाई, याला संस्कृती म्हणतात."

"मग आधी जे होतं ते काय होतं?"

मॅनेजरने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. सगळ्या डेपोला रंग लागले आणि नंबर पडले. बायकोने ही बातमी, एकही शब्द न वाढवता, बहिणीला दिली; आता वाढवायची गरजच उरली नव्हती. साडूने तेच रंग, तेच नंबर, त्याच क्रमाने लावले. त्याच्याकडच्या जागांचीही जुनी नावं होती, 'जिन्याखाली', 'आरशासमोर'. ती एका दुपारीत पुसली गेली.

पुढचे दिवस सुधारणांनी नाकी नऊ आणले. पलीकडे गेटवर तीन सह्यांची पावती सुरू झाल्याचं कळलं, म्हणून इकडे सुरू झाली. इकडे व्हॅनला वेग आवरणारं यंत्र बसलं, म्हणून पलीकडे बसलं. विमानतळावरून माल उचलून दोन्ही डेपोंत पोचवणारी जी व्हॅन होती तिचा ड्रायव्हर 'वादळ' या नावाने ओळखला जाई, कारण ते येणार येणार म्हणून दिवसभर वाट बघावी लागे. आपल्या व्हॅनला असलं यंत्र बसलंय, हे त्याला कुणी सांगेपर्यंत कळलं नाही.

माणसं हसेनाशी झाली होती. जो तो पट्ट्यांवरच्या बाणांच्या दिशेने चालायचा, पावतीवर सह्या घ्यायचा आणि संध्याकाळी मॅनेजरच्या टेबलापाशी थोडा रेंगाळायचा. "साहेब, राहील ना आपला डेपो?" असं कुणी विचारत नसे. "येतो साहेब," म्हणत आणि जात नसत.

पाहणीचा दिवस उजाडला. मालक सकाळी पलीकडे, दुपारी इकडे, असं ठरलेलं. पलीकडे काय होणार तेही मॅनेजरला बायकोकडून पाठ होतं. शहरातल्या मोठ्या इस्पितळाचं काम साडूच्या डेपोकडे होतं. ऑपरेशनच्या यंत्राचा एक भाग आदल्या संध्याकाळी विमानाने आलेला असणार. तो खोका मालकांच्या देखत, हातातल्या घड्याळावर, गाडीत चढून रवाना व्हायचा होता. साडूची सगळी संस्कृती त्या एका खोक्यात भरलेली होती.

मॅनेजर सकाळी लवकर येऊन शेवटची फेरी मारत होता. लाल एक ठीक. लाल दोन ठीक. निळा एक ठीक. निळा दोनमध्ये एक पांढरा खोका होता, आणि त्याच्यावर इस्पितळाचं नाव होतं.

तो जागच्या जागी उभा राहिला. त्याने नाव पुन्हा वाचलं. मग त्याने वादळाला बोलावलं, आणि वादळ आलं तोवर त्याने ते आणखी अनेकदा वाचलं.

"हा इथे कुणी ठेवला?"

"मीच," वादळ म्हणाला. "चिठ्ठीवर निळा दोन लिहिलंय ना, साहेब. वाटेत आधी आपला डेपो लागतो. आपल्याकडे निळा दोन आहे, ठेवला."

"अरे, पण नाव इस्पितळाचं आहे! ते काम पलीकडे असतं!"

"नाव कशाला वाचू? तुम्हीच म्हणालात, अक्षर वाचायचं नाही, रंग बघायचा. पूर्वी खडूने 'जिन्याखाली' लिहायचे. आपल्याकडे जिनाच नाही, मग मला बरोबर कळायचं."

मॅनेजरने साडूला फोन लावला. फोन बंद होता. पाहणीच्या वेळी फोन बंद ठेवायचे, हीसुद्धा एक सुधारणाच होती. बाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या, त्याला कळलं नाही. त्यांनी खोका बघितला, घड्याळ बघितलं, आणि वादळाला चहा प्यायला पाठवून दिलं.

"साहेब, मी एकदाच बोलते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऑपरेशन उद्या आहे, मी चौकशी केलीय. खोका तासभर उशिरा गेला तर रोग्याचं काही बिघडत नाही."

"मग?"

"मग एक तास आपण हा खोका पाहिलेला नाही."

बाईंनी खोक्याकडे पाठ केली. "माझ्या घरी मिळवणारी मी एकटी आहे. आपण काही चोरी करत नाही. आपण फक्त अजून निळ्या दोनपर्यंत आलेलो नाही."

खरं सांगायचं तर मॅनेजरला मोह झाला. चांगला दरदरून मोह झाला. काही करायचंच नव्हतं. नुसतं केबिनमध्ये जाऊन बसायचं होतं. आणि केबिनमध्ये बसण्यात त्याची हयात गेली होती. त्याला वाटलं, साडू माझ्या जागी असता तर त्याने काय केलं असतं? आणि उत्तर माहीत नसल्याचं लक्षात आल्यावर त्याला जास्तच भीती वाटली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती रडत होती.

"अहो, ताईचा फोन होता. त्यांच्याकडचा माणूस घरी पळत आला होता, खोका कुठे घरी तर आणला नाही ना बघायला. भाऊजींना सापडत नाहीये. मालक येऊन बसलेत आणि भाऊजी त्यांना नुसते पट्टे दाखवत फिरवताहेत. अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"सगळं माझ्यामुळे झालं. पट्टे बिट्टे काही नव्हतं हो आपल्याकडे. मीच ताईला थाप मारली. तिने भाऊजींना सांगितलं, त्यांनी खरंच मारले, मग मी तुम्हाला सांगितलं... सूचनापेटीसुद्धा माझीच."

मॅनेजर खाली बसला. बसायला जवळ तोच खोका होता. महिनाभर ज्याच्याशी तो धापा टाकत शर्यत लावत होता, तो साडू नव्हताच. त्याचीच बायको होती. साडूही बिचारा त्याच्याच भीतीने धावत होता. त्याला लाज वाटली, रागही आला, आणि सगळ्यात जास्त त्या भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाची दया आली.

"रडू नकोस," तो म्हणाला. "खोका माझ्याकडे आहे. घेऊन जातोय मी."

त्याने बाईंकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पाय उचलला नसता. खोका उचलून तो गेटवर गेला. वादळाने व्हॅन आणली. सुभेदाराने हात आडवा केला.

"पावती, साहेब."

"सुभेदार, मी आहे."

"दिसतंय. तीन सह्यांची पावती. देव आला तरी पावतीशिवाय सोडायचा नाही, तुमचेच शब्द आहेत."

मॅनेजरने पावती भरायला घेतली, आणि पहिल्याच रकान्यात गाडी अडली: माल आत आल्याचा नंबर. खोका चुकून आलेला, त्याची आत आल्याची नोंदच नव्हती. सुभेदाराने मिशीवर बोट फिरवत विचार केला. "जो माल आत आलाच नाही, तो बाहेर कसा जाईल?" हा प्रश्न इतका बिनतोड होता की मॅनेजरला, घाम पुसता पुसता, त्या माणसाचा क्षणभर अभिमान वाटला.

तेवढ्यात मागून बाई आल्या. डोळे लाल झाले होते. त्यांनी खोक्यावर खाडकन एक चिठ्ठी चिकटवली: 'रिकामा खोका, परत.' रिकाम्या खोक्यांना पावती लागत नाही. सुभेदाराने चिठ्ठी वाचली, खोक्याचं वजन मॅनेजरच्या चेहऱ्यावर बघितलं आणि गेट उघडलं.

"जा आता," बाई म्हणाल्या. "परत काय तोंडाने याल, ते नंतर बघू."

व्हॅन निघाली. निघाली असं म्हणायचं. जरा वेग घेतला की यंत्र गुरगुरून तिला मागे खेची. एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि मागे वळून बघितलं. मॅनेजर खोका मांडीवर धरून पुढे वाकून बसला होता, जणू त्याने जोर लावला तर गाडी पळणार होती.

"वादळा, जरा दाबता येईल का?"

"पूर्ण दाबलंय, साहेब," वादळ समाधानाने म्हणाला. "यंत्र फार चांगलं आहे. आता मला कुणी हळू म्हणत नाही. मशीनला म्हणतात."

पुलावर वाहनं तुंबली होती. मॅनेजर घड्याळ बघायचं नाही असं ठरवून घड्याळ बघत होता. आपल्या डेपोचं त्याने काय केलं होतं, हे आता त्याला नीट दिसू लागलं. मालक दुपारी येतील, तर मॅनेजर जागेवर नाही. खोका पोचला तर पलीकडचा डेपो राहील आणि आपला जाईल. नाही पोचला तर साडूही गेला आणि आपण पळपुटे ठरलो. तेलही गेलं, तूपही गेलं. आणि त्याच्या मांडीवर मात्र 'रिकामा खोका' होता.

साडूच्या डेपोच्या गेटवरही एक वॉचमन होता आणि त्यानेही हात आडवा केला. त्याने खोक्यावरची चिठ्ठी वाचली.

"रिकामे खोके मागच्या दाराने."

मागचं दार म्हणजे पलीकडच्या रस्त्याने पूर्ण वळसा. मॅनेजर गाडीतून उतरला, खोका छातीशी धरला, वॉचमनच्या हाताखालून वाकला आणि पळत सुटला. बाण त्याच्या उलट दिशेने होते. लोक बाजूला होत होते. कुणीतरी ओरडलं, "साहेब, तिथून नको, ओला आहे!" साडूने मालकांसाठी सकाळीच पट्ट्यांवर ताजा हात फिरवला होता. मॅनेजर घसरला, सावरला, एका पायाने पिवळा झाला, मग दोन्ही पायांनी, आणि पिवळी पावलं उमटवत थेट धाकट्या मालकांसमोर जाऊन थांबला.

मालकांच्या हातात घड्याळ होतं. शेजारी साडू उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"तुम्ही? इथे?" मालक म्हणाले.

साडूने खोका बघितला, मग मॅनेजरकडे बघितलं. त्या बघण्यात अख्ख्या सासुरवाडीचा संशय होता. मॅनेजरला ते लागलं. पण तासाभरापूर्वी आपण काय विचार करत होतो ते आठवून त्याने ते गिळलं.

"खोका आमच्याकडे आला होता, साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "चूक माझ्याकडे झाली. यांची काही चूक नाही."

साडू एक पाऊल पुढे आला. "नाही, साहेब. हे रंग न् नंबर मी विचार न करता लावले. चूक माझी."

"माझी," मॅनेजर म्हणाला.

"अहो, माझी म्हणतोय ना!" साडू ओरडला.

मालकांचे डोळे चमकले. आधी त्यांनी खोका गाडीत चढवून इस्पितळाकडे रवाना केला. मग त्यांनी एक खुर्ची ओढून घेतली. "प्रशिक्षणात शिकवलंय. चूक कुणाची हे विचारायचं नाही. 'का' विचारायचं. पाच वेळा. मूळ कारण सापडतं. सांगा, खोका तिकडे का गेला?"

"दोन्हीकडे निळा दोन आहे म्हणून."

"दोन्हीकडे का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "आम्ही एकमेकांचं बघून केलं."

"का?"

"भीती वाटत होती," साडू म्हणाला. एवढ्या वर्षांत मॅनेजरने त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं मनातलं वाक्य होतं.

"भीती का?"

"एक छप्पर जाणार म्हणून."

"ते का जाणार?" मालकांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा आवाज बारीक झाला.

"तुम्ही म्हणालात म्हणून," मॅनेजर म्हणाला.

पाच 'का' संपले होते. मालक बराच वेळ मॅनेजरच्या पिवळ्या बुटांकडे बघत राहिले. मग स्वतःशीच पुटपुटले, "मी का म्हणालो? खर्च फार होतो म्हणून. कुठे होतो?"

हा प्रश्न कुणाला विचारलेला नव्हता. पण मॅनेजरकडे आता गमवायला काही उरलं नव्हतं, आणि अशा वेळी माणूस खरं बोलतो.

"साहेब, सगळ्यात जास्त भाडं हेड ऑफिसच्या छपराचं आहे. आणि तिथून आमच्याकडे आजवर माल आलेला नाही. कागद परत आलेत."

साडूने डोळे मिटून घेतले. मालक उठले, दूर जाऊन थोरल्यांना फोन लावून बोलू लागले. इकडे फक्त तुकडे ऐकू येत होते. "हो... नाही, डेपो नाही... हो, आपलंच..." मध्येच बराच वेळ नुसतं ऐकणं. साडूने मॅनेजरचं मनगट धरलं होतं, आणि ते त्याने किती घट्ट धरलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. मॅनेजरने सोडवूनही घेतलं नाही.

मालक परत आले. "ठरलं. हेड ऑफिस बंद. दोन्ही डेपो राहतील."

दोघे साडू एकमेकांच्या गळ्यात पडले. लग्नातल्या फोटोतसुद्धा ते इतके जवळ आलेले नव्हते. त्यानंतर तिथे आणखी एक छोटीशी गोष्ट ठरायची होती. ती ठरायला फार वेळ लागला नाही.

परतीची व्हॅन नेहमीच्या वेगाने आली. गेटवर सगळा डेपो उभा होता. कुणाला काही विचारायचा धीर होत नव्हता. मॅनेजर उतरला.

"राहिला," तो म्हणाला.

कुणीतरी सुभेदाराला मिठी मारली. कुणी शिट्टी वाजवली. बाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "आणि त्यांचा?"

"त्यांचाही."

मग बाई तिथेच ओट्यावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मॅनेजर त्यांच्यापाशी उभा राहिला. सकाळच्या त्या एका तासाबद्दल दोघेही बोलले नाहीत. थोड्या वेळाने बाईंनी डोळे पुसले.

"मग गेलं ते छप्पर कुणाचं?"

"हेड ऑफिसचं."

हसणं पसरायला लागलं, आणि मध्येच बाईंचा चेहरा गंभीर झाला. "अहो साहेब, मग धाकटे मालक बसणार कुठे?"

मॅनेजरने पिवळे बूट काढून हातात घेतले. "तेच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, साडूंकडे बसा. साडू म्हणाले, छे छे, यांच्याकडेच बसा. आमचा एकमेकांसाठी चाललेला त्याग बघून मालकांना गहिवरून आलं. कुणावर अन्याय नको, म्हणून जिंकेल त्याच्याकडे बसायचं ठरवून त्यांनी नाणं उडवलं."

सगळा डेपो पाऊलभर पुढे सरकला.

"जन्मात कधी नाणेफेक जिंकलो नव्हतो," मॅनेजर म्हणाला. "आज जिंकलो."